शेळ्या वाढल्या, मेंढपाळाचे काय?

पुनरुत्थान काळातील चौथ्या रविवारी आपल्या सर्व चर्चमध्ये उत्तम मेंढपाळाविषयीचे शुभवर्तमान वाचले जाते. त्या दिवशीच्या प्रवचनासाठी आम्हा धर्मगुरूंना फारसा शोध घ्यावा लागत नाही. चित्रे, गीते, दृष्टान्त सारे हाताशी असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या पवित्र गुरुवारी, मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यावा, अशा आशयाचे आवाहन धर्मगुरूंना केले. तेव्हापासून त्या वासाचाही उल्लेख प्रवचनांत होऊ लागला. परंतु ज्याच्या अंगाला तो वास खरोखर येतो, तो मेंढपाळ नगर-नाशिकच्या रस्त्यांवरून वर्षातून दोनदा आपल्यासमोरून जातो, आणि आपण गाडीची काच वर करून त्याच्या कळपातून वाट काढतो. या लेखात त्याच्याविषयी, तसेच दोन-चार शेळ्यांच्या आधारावर संसार रेटणाऱ्या आपल्याच धर्मग्रामांतील भगिनींविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आकडे पाहू. 2019 मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे 14 कोटी 89 लाख शेळ्या व 7 कोटी 43 लाख मेंढ्या होत्या. 2012 च्या गणनेशी तुलना करता शेळ्यांत 10 टक्के व मेंढ्यांत 14 टक्के वाढ झाली. महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या 1 कोटी 6 लाखांवर गेली. म्हणजे सात वर्षांत सुमारे 25 टक्क्यांची वाढ. मेंढ्या मात्र 27 लाखांच्या आसपासच राहिल्या. मटणाचा किरकोळ भाव शहरांत किलोला सातशे रुपयांच्या पुढे गेला आहे आणि मागणी कमी होण्याचे चिन्ह नाही. तेव्हा हा धंदा भरभराटीला आला, असा निष्कर्ष कोणीही काढील. वर्तमानपत्रांच्या शेतीविषयक पानांवर तो काढलाही जातो.

आमचे मत थोडे वेगळे आहे. जनावर वाढते आहे हे खरे. पण ज्याने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले तो माणूस मागे पडतो आहे. बाजारभाव, चराईची जमीन, रोगराई आणि सरकारी योजना या चार गोष्टी नीट पाहिल्या म्हणजे असे का होते ते कळते.

दारातील शेळी

हरेगाव, राहाता, संगमनेर, राहुरी या परिसरातील आपली कित्येक ख्रिस्ती कुटुंबे भूमिहीन शेतमजुरांची आहेत. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला गाय परवडत नाही, कारण गाईला चारा विकत घ्यावा लागतो. शेळीला बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा व काढणीनंतर शेतात उरलेले चालते. तिला ‘गरिबाची गाय’ म्हणतात ते यासाठीच. ती पाच महिन्यांत विते. उस्मानाबादी जातीची काळी शेळी बहुधा जुळी देते, आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते होतात. (जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले; शेळीचे नाव मात्र लोकांच्या तोंडी जुनेच आहे.) आपल्या संगमनेर तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी संगमनेरी शेळी बहुतांशी पांढरी असते. ती दूध व मांस दोन्हींसाठी पाळतात.

या शेळ्या घरातील बाईच्या असतात. नवऱ्याची मजुरी घरखर्चात किंवा अन्य वाटेने जाते. करडाचे पैसे मात्र तिच्या हातात येतात. मुलाची वह्या-पुस्तके, बाळंतपण, रुग्णालयाचे अनपेक्षित बिल या वेळी बोकड विकला जातो. त्याची विक्री गरजेच्या दिवशी होते, चांगल्या भावाच्या दिवशी नव्हे. हे व्यापाऱ्याला चांगले ठाऊक असते.

येथे हिशेब मांडून पाहू. बोकडाचे जिवंत वजन समजा 20 किलो आहे. कापल्यावर त्यातून साधारण 9 ते साडेनऊ किलो मटण निघते. सातशे रुपयांच्या भावाने ते सव्वासहा हजारांहून अधिक झाले. मुंडी, पाय, कातडे, वजडी यांचे पैसे निराळे. आता दारात आलेला व्यापारी काय करतो? तो बोकडाच्या पाठीवर हात फिरवतो, कमरेजवळ चाचपतो आणि आकडा सांगतो. त्याचा हात म्हणजेच काटा. वीस किलोच्या जनावराला तो ‘सोळा-सतरा असेल’ म्हणाला, तर ते खोडून काढण्याचे साधन त्या बाईकडे नसते. व्यापाऱ्यालाही भाडे, बाजार फी, वाटेत मरणारे जनावर हे खर्च असतात, हे मान्य केले पाहिजे. तरीही किलो-दोन किलोंची चूक दर वेळी एकाच बाजूला का होते, हा प्रश्न उरतोच. ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण आपण नेहमी शेळीच्या बाजूने ऐकतो. शेळीच्या मालकिणीच्या बाजूनेही ती ऐकून पाहावी.

चराईबंदी आणि आपण

आता एका अवघड विषयाकडे वळतो. पाणलोट विकासाच्या कार्यात आपल्या ख्रिस्तसभेचा वाटा मोठा आहे. येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात माती अडवा, पाणी जिरवा या कामासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या प्रेरणेतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि 1993 मध्ये वॉटर ही संस्था स्थापन झाली. उजाड डोंगर हिरवे झाले आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या विहिरींना पाणी आले. याबद्दल कृतज्ञता वाटते आणि वाटत राहील.

परंतु राळेगणसिद्धी, हिवरे बाजारपासून अशा सर्व कामांत एक अट असते: चराईबंदी. सलग समतल चरांवर लावलेले रोप शेळीने खुडले तर काम वाया जाते, म्हणून मोकाट चराई बंद. शास्त्राच्या दृष्टीने अट योग्यच आहे. मात्र तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. डोंगर बंद झाला की पाणी खाली उतरते आणि ते विहीर असणाऱ्याच्या शेतात जाते. त्याच्या उसाला, कांद्याला लाभ होतो. डोंगरावर शेळ्या नेणाऱ्या भूमिहीन बाईच्या वाट्याला पाणी येत नाही, चराई मात्र जाते. तिला सांगितले जाते की शेळ्या विका, किंवा बांधून पाळा. बांधून पाळायच्या तर चारा कोठून आणायचा? तीस किलोच्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा व काही कोरडा चारा लागतो. पाच शेळ्यांसाठी रोज पंधरा-वीस किलोंचा भारा हवा, आणि तो कापण्यासाठी तिच्याकडे बांधही नाही.

ज्या गावांत बंदी टप्प्याटप्प्याने झाली, डोंगराचा एक भाग बंद असताना दुसरा चराईला मोकळा राहिला, बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना दिला गेला, तेथे शेळी टिकली आणि रोपही टिकले. असा निर्णय ग्रामसभेतच व्हावा लागतो. त्या सभेत शेळीवाली बाई बोलली नाही तर निर्णय जमीनदाराच्या सोयीने होतो. आपल्या संस्थांच्या अहवालांत किती हेक्टरवर काम झाले याची नोंद असते. किती घरांतील शेळ्या त्या काळात विकल्या गेल्या, याचीही नोंद ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

वाड्यावरचा मेंढपाळ

शेळीवाली निदान गावात राहते. धनगर मेंढपाळाचे गाव वर्षातील आठ महिने रस्त्यावर असते. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी भागातील मेंढपाळ पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, घाट उतरून ठाणे-रायगडकडे जातात आणि मृगापूर्वी परततात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यात कोंबड्या आणि तान्ही मुले, मागेपुढे कुत्री. रात्री शेतात वाघर लावून मेंढ्या बसवतात. भात कापलेल्या खाचरात एक-दोन रात्री कळप बसला की लेंडी व मूत्र यांचे खत जमिनीत मिसळते. वेगळे वाहून टाकावे लागत नाही. पूर्वी त्याबदली शेतकरी धान्य देत असे, आता बहुधा रोख देतो. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या अवर्षणग्रस्त पट्ट्यांतही हीच रीत आहे.

या मेंढपाळाचे कळप दख्खनी जातीचे असतात: बहुधा काळी किंवा काळी-पांढरी, काटक, दिवसाला मैलोगणती चालणारी मेंढी. ती वर्षाला एकच कोकरू देते. एके काळी तिच्या लोकरीलाही मोल होते. वर्षातून दोनदा कातरणी होई, सणगर विणकर ती लोकर घेत, चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणत. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीला जावळ म्हणतात. तिच्या घोंगडीची ऊब ज्यांनी घेतली आहे त्यांना ती विसरता येणार नाही. कृत्रिम धाग्याची स्वस्त ब्लँकेटे आली आणि हा व्यवहार मोडला. दख्खनी लोकर जाडीभरडी, तिला गिरण्यांत मागणी नाही. आज कित्येक ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक होते आणि लोकर माळावर टाकून दिली जाते. म्हणून मेंढपाळही केवळ मांसाचा विचार करू लागला आहे. जत तालुक्यातील माडग्याळ गावच्या उंच, लांब कानांच्या, तपकिरी-पांढऱ्या मेंढीला म्हणूनच मोठी मागणी आहे. तिचे कोकरू झपाट्याने वाढते.

येथे एक विषयांतर. मत्तयलिखित शुभवर्तमानातील शेवटच्या न्यायाचा दृष्टान्त ऐकताना शेरडांची बाजू आपल्याला नेहमीच चुकीची वाटते. आमच्या परिचयाचे एक वृद्ध मेंढपाळ तो ऐकून हसले होते. त्यांच्या कळपात शंभर मेंढ्यांमागे आठ-दहा शेळ्या असतातच. शेळी पुढे चालते म्हणून मेंढ्या ओढा ओलांडतात, आणि आई मेलेल्या कोकराला शेळीच दूध पाजते. संध्याकाळी ते शेळ्या निराळ्या करतात, पण त्या धार काढण्यासाठी!

मेंढपाळाच्या वाटा आता आखडल्या आहेत. धरणाचे पाणी आले तेथे ऊस आला आणि मोकळे रान संपले. गायरानांवर अतिक्रमणे झाली, माळांवर प्लॉट पडले. वनखात्याच्या रोपवनांत शिरल्यास दंड होतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. तथापि जे आदिवासी नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमातींत मोडतो. जो कोठेच वर्षभर राहत नाही त्याने रहिवासाचा पुरावा कोणत्या गावातून आणावा? कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु उंटावरून शेळ्या हाकल्या की असे होते.

त्यात हवामानाची भर पडली आहे. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे व नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गारठा एकत्र आला. उघड्या शेतात बसलेल्या शेकडो मेंढ्या एका रात्रीत दगावल्या. जुन्नर-संगमनेर पट्ट्यात उसात राहणारा बिबट्या वाघरीवरून उडी मारतो तो निराळाच. दुष्काळात चारा छावण्या उघडतात, त्या बहुतांशी गाई-बैलांसाठी.

मेंढपाळाची मुले काय करीत आहेत? ज्यांना शाळा मिळाली ती या धंद्यात परतत नाहीत, आणि त्यांना कोणी दोष देऊ नये. ज्यांना वाड्याबरोबर फिरावे लागले त्यांची शाळा दर दिवाळीला तुटली. या दोहोंच्या मध्ये तिसरी वाट, म्हणजे शिकलेला मेंढपाळ, आपल्याकडे अद्याप फारशी तयार झालेली नाही.

शेड, अनुदान आणि फलटणचा धडा

शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ अनेक वर्षे कार्यरत असून त्याच्या प्रक्षेत्रांवर जातिवंत नर तयार केले जातात. 2017 पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या व 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळू लागला. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून शेळी-मेंढी पैदास केंद्राला भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. मात्र त्या कमाल रकमेसाठी 500 माद्या व 25 नर ठेवावे लागतात. सर्वांत लहान गटही 100 माद्या व 5 नरांचा. उरलेले निम्मे भांडवल, बँकेचे कर्ज आणि जमीन ज्याच्याकडे आहे तोच हे करू शकतो. दोन शेळ्यांची बाई या पायरीवर चढूच शकत नाही.

मग नोकरी न लागलेले तरुण शेड बांधतात. बंदिस्त शेळीपालनाची दोन-तीन दिवसांची प्रशिक्षणे होतात, फायद्याचे तक्ते वाटले जातात, परराज्यांतून मोठ्या किमतीच्या शेळ्या आणल्या जातात. प्रवासाने थकलेली, नव्या हवेला न रुळलेली जनावरे एका छपराखाली दाटीने राहिली की पहिल्याच पावसाळ्यात रोग शिरतो. खाद्य विकत, मजूर विकत, शेडचा हप्ता चालूच. अशी बंद पडलेली दोन शेड आम्ही स्वतः पाहिली. एकात आता कांदा साठवतात. जे टिकले त्यांच्यात आम्हाला एक समान गोष्ट दिसली: त्यांनी दहा शेळ्यांपासून आरंभ केला, चारा आधी लावला आणि शेड शेवटी बांधले. शेवरी, हादगा, सुबाभूळ बांधावर लावून दिवसातील काही तास चरायला सोडणारी अर्धबंदिस्त पद्धत आपल्या भागाला अधिक मानवते.

फलटणचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. बॉन निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी असा विचार केला की दख्खनी मेंढी एका वेतात एकच कोकरू देते, बंगालमधील सुंदरबनातील गरोळे जातीची इवलीशी मेंढी मात्र दोन-दोन देते, त्याचे कारण एका जनुकात आहे. त्यांनी ते जनुक अनेक पिढ्यांच्या संकरातून दख्खनी मेंढीत आणले आणि नारी सुवर्णा हा प्रकार तयार झाला. दिसायला व काटकपणाला ती दख्खनीसारखीच, पण जुळी देण्याचे प्रमाण बरेच अधिक. विशेष म्हणजे हे काम स्थानिक धनगरांच्या कळपांतही करून पाहिले गेले. तेव्हा अनुभवास आले की जुळी कोकरे हे मेंढपाळाला वरदानही आहे आणि ओझेही: चालत्या वाड्यात दोन कोकरांना पुरेल इतके दूध आईला यायचे तर तिला वरखुराक हवा. ज्याला तो देता आला त्याचे उत्पन्न वाढले. बाहेरची जात आणून शेडमध्ये कोंडण्यापेक्षा आपलीच जात सुधारण्याचा हा मार्ग आम्हाला अधिक आशादायक वाटतो.

लस

तरीही आज रात्री एखाद्या गरीब घरातील शेळी कशाने मरेल, असे विचाराल तर उत्तर जनुकात नाही. ते पीपीआर, आंत्रविषार, मेंढ्यांची देवी आणि पोटातील जंत यांत आहे. पीपीआर हा विषाणुजन्य रोग पूर्वीच्या बुळकांडीचा भाऊबंद. भारतात तो प्रथम 1987 मध्ये तमिळनाडूत आढळला. ताप, नाकातोंडातून स्राव, तोंडात व्रण, हगवण. आठवड्याभरात निम्मा कळप जाऊ शकतो. त्यावर भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केलेली उत्तम लस आहे. करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते, आणि शासन ती विनामूल्य देते. बुळकांडी लसीकरणाने जगातून 2011 मध्ये हद्दपार झाली. पीपीआर 2030 पर्यंत संपवण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे.

मग शेळ्या का मरतात? लस बर्फात ठेवावी लागते, दवाखान्यात माणसे कमी असतात, आणि डॉक्टर वस्तीवर येतात ती वेळ सकाळी अकराची असते. त्या वेळी मालकीण दुसऱ्याच्या शेतात खुरपत असते आणि शेळ्या रानात. फिरत्या मेंढपाळाचे तर विचारूच नका. लस टोचणारा पथकासह येईपर्यंत वाडा दोन गावे पुढे गेलेला असतो.

यावर धर्मग्रामांना एक साधे काम करता येईल. रविवारी मिस्सानंतर सारे घरी असतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी पत्र देऊन पावसाळ्यापूर्वीचा एखादा रविवार ठरवून घ्यावा आणि चर्चचे आवार शिबिरासाठी खुले करावे. आंत्रविषाराची लस पहिल्यांदा टोचताना पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते, म्हणून तारखा दोन ठरवाव्यात. शेजारच्या हिंदू, मुस्लिम बांधवांच्या शेळ्याही येऊ द्याव्यात. रोग धर्म पाहत नाही. दिवाळीनंतर वाडे ज्या गावांवरून जातात तेथील धर्मगुरूंनी मुक्कामाची बातमी दवाखान्याला फोनवरून कळवली तरी पुष्कळ झाले. आणि त्याच आवारात एक टांगता वजनकाटा ठेवावा. काही महिला बचत गटांनी तो घेतला आहे. बोकड आधी आपल्या काट्यावर तोलायचा, मगच व्यापाऱ्याशी बोलायचे. आम्ही पाहिलेल्या एका वस्तीत काटा आल्यावर व्यापाऱ्याने पहिले दोन आठवडे येणेच बंद केले. तिसऱ्या आठवड्यात तो आला, आणि किलोचा भाव विचारू लागला.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या देशात एकविसावी पशुगणना सुरू झाली. तिच्यात प्रथमच फिरस्त्या पशुपालकांची व त्यांच्या जनावरांची वेगळी नोंद घेण्याचे ठरले. इतकी वर्षे मेंढ्या मोजल्या जात होत्या. त्यांच्या मागे काठी घेऊन चालणारा माणूस आता कोठे मोजला जाऊ लागला आहे.